सैनिकाचा शब्द खरा माना

नोव्हेंबर १९६२ मध्ये लडाखच्या चुशूल भागातल्या रेझांग ला इथून कुमाऊं रेजिमेंटच्या १३ व्या बटालियनच्या चार्ली कंपनीचे मोजके जवान जिवंत परतले. ते जे सांगत होते ते असे: १८ नोव्हेंबरच्या पहाटे चिनी फौजेने हल्ला चढवला. कंपनीने हल्ल्यामागून हल्ले परतवले. गोळ्या संपल्यावर काही जण नुसत्या हातांनी भिडले. कंपनी कमांडर मेजर शैतान सिंग यांना जबर जखमा झाल्या, तेव्हा त्यांनीच बरोबरच्यांना सांगितले की मला इथेच सोडा आणि खाली जा. सुमारे १२० जणांच्या त्या कंपनीतले ११४ जण धारातीर्थी पडले.

या सांगण्यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. दिवस पराभवाचे होते. ठाणी भराभर पडत होती, माघारीच्या बातम्या येत होत्या, आणि अशा वेळी कोणी येऊन आमची कंपनी शेवटच्या माणसापर्यंत लढली म्हणाला, तर ऐकणारा मनात म्हणणारच की हा जीव वाचवून पळून आला असेल आणि आता गोष्ट रचतोय. फेब्रुवारी १९६३ मध्ये एका मेंढपाळाच्या नजरेला ते ठाणे पडले आणि मग शोधपथक वर गेले. जवान आपापल्या मोर्चातच होते, गोठलेले, हातांत बंदुका तशाच. मलमपट्टीचे काम करणाऱ्या जवानाच्या हातात सिरिंज आणि बँडेज होते. वाचलेल्यांनी सांगितलेला शब्दन् शब्द खरा निघाला. मेजर शैतान सिंग यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

मधले तीन महिने मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत. जे मेले त्यांचा सन्मान पुढे यथासांग झाला. जे जगले, त्यांच्यावर आपले खरेपण सिद्ध करण्याची वेळ आली आणि त्यांच्या बाजूने साक्ष दिली ती मेलेल्या सोबत्यांच्या प्रेतांनी. सैनिकांच्या शौर्याचा आणि त्यागाचा सन्मान कसा करावा याबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. माझे म्हणणे एवढेच आहे की या सन्मानाची पहिली पायरी विश्वासाची आहे. त्याने काय केले ते नीट जाणून घेणे, आणि काय सोसले ते तो सांगेल तेव्हा खरे धरणे. ही पायरी गाळून वर चढवलेले हार, फ्लेक्स आणि घोषणा त्या माणसाच्या उपयोगाच्या नसतात.

आपली श्रद्धांजलीची भाषा एकदा तपासून पाहावी. २६ जुलैला कारगिल विजय दिवशी, १६ डिसेंबरला १९७१ च्या विजय दिवशी, किंवा कुठे चकमक झाली की दुसऱ्या दिवशी जे मजकूर फिरतात त्यांतले नाव खोडून दुसरे घातले तरी काही बिघडत नाही. अमर रहे, वीर जवान तुझे सलाम, देश तुझा ऋणी राहील. भावना खोटी नसते, हे मी जाणतो. पण त्या माणसाने नेमके काय केले याचा पत्ताच त्यात नसतो. तो कोणत्या हत्यारावर होता, त्याचे काम काय होते, अडचण काय आली, त्याने कोणता निर्णय घेतला, यातले काही नाही. विशेषणे सगळ्यांना सारखीच लागतात, आणि म्हणून ती कोणाचीच नसतात.

याउलट सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी काय केले ते पाहा. एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीकडे फौज निघाली होती. रस्त्यावर शत्रूने झाडे पाडून ठेवली होती आणि सुरुंग पेरले होते. ते काढल्याशिवाय रणगाडे पुढे जाऊ शकत नव्हते. राणे इंजिनिअर्सचे, म्हणजे सॅपर. ८ एप्रिलला काम सुरू होण्याआधीच त्यांच्या तुकडीवर मॉर्टरचा मारा झाला. दोन जण मेले, पाच जखमी झाले आणि त्या पाचांत राणे स्वतः होते. तरी ते मागे फिरले नाहीत. सुरुंगांच्या पट्ट्यात ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि रणगाडा सरकेल तसे त्याच्याखालून सरपटत पुढे गेले. वर बसलेल्या चालकाला थांबण्याची किंवा पुढे येण्याची खूण ते दोरी ओढून करत होते. ११ एप्रिलपर्यंत, शत्रूच्या गोळीबाराखाली, त्यांचे हेच काम चालले: अडथळा काढायचा, सुरुंग काढायचा, वाट मोकळी करायची, की पुढचा अडथळा. रणगाडे राजौरीत पोहोचले. राणे यांना परमवीर चक्र मिळाले.

यात बेभान होऊन केलेली चाल नाही, समोरासमोरची झुंज नाही. आहे ते सुरुंगाभोवतीची माती हलक्या हाताने उकरण्याचे काम, जखमी अंगाने, चार दिवस. शौर्याचे जे चित्र आपण पडद्यावर पाहून मनात पक्के केले आहे त्यात हा माणूस बसत नाही. तपशील कळल्यावर मात्र त्याच्याविषयी वाटणारा आदर दुसऱ्या कोणाच्या नावावर चिकटवता येत नाही. तो त्याचाच राहतो. आणि हेही कळते की धैर्य अनेक तऱ्हांचे असते. जखमीला पाठीवर घेऊन खाली आणणारा, तुटलेली तार जोडायला मारा चालू असताना बाहेर पडणारा, बर्फात पुढच्या ठाण्यापर्यंत रसद पोहोचवणारा, हे सगळे लढतच असतात. शाळेतल्या मुलांना परमवीर चक्राच्या एकवीस मानकऱ्यांची यादी पाठ करायला लावण्यापेक्षा त्यांतल्या दोघांची कामगिरी नकाशासकट शिकवली, तर ती मुले सैनिकाकडे वेगळ्या नजरेने पाहतील असे मला वाटते.

आपल्या मातीत ही समज नवी नाही. गावोगावी देवळाच्या आवारात, वेशीपाशी, कधी ओढ्याकाठी वीरगळ उभे असतात. शिलाहार-यादव काळातले हे दगड. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरती तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. कुठे गाई कोरलेल्या दिसतात, म्हणजे तो गुरे पळवणाऱ्यांशी लढताना पडला. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ही मारणारी गलबते आहेत, म्हणजे लढाई समुद्रातली. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नाही, नाव नाही. माणूस कोण ते गेले. त्याने काय केले ते आठशे-नऊशे वर्षांनंतरही दगड पाहून सांगता येते.

आधुनिक स्मारकांचे याच्या अगदी उलट झाले. त्यांच्यावर नावे आहेत आणि कृत्य नाही. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्ध स्मारक खुले झाले. त्याच्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर २५,००० हून अधिक नावे कोरली आहेत. स्वातंत्र्यानंतर एवढी वर्षे हे स्मारक नव्हते, ही खेदाची गोष्ट होती आणि ती दूर झाली हे चांगलेच झाले. तिथे सर्वांची नावे एकाच आकाराच्या विटांवर आहेत, हेही योग्य. पण स्मारकापुढे उभे राहून एखाद्या विटेवर बोट ठेवून विचारले की या माणसाचे काय झाले, तर उत्तर शोधायला आपल्याला दुसरीकडे जावे लागते आणि पुष्कळदा ते मिळतही नाही.

काही जणांच्या वाट्याला तर नाव आणि कृत्य दोन्ही आले नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि ७० हजारांहून अधिक मेली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत इथे जी फौज वेढ्यात सापडली ती सहावी पुणे डिव्हिजन होती. मराठा पलटणी त्यात होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला, आणि उपासमारीने अर्धे झालेले जवान पुढे कैदेत वाळवंट तुडवत गेले. या आघाडीवर मेलेल्यांसाठी पुढे बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचे नाव आणि पुढे मेलेल्यांचा आकडा. एप्रिल २०२१ मध्ये अशा कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने आपल्याच समितीचा अहवाल प्रसिद्ध करून हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी.

आपल्याकडच्या गावांतही त्या काळच्या शिळा आहेत. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचा आकडा ४६ आहे. घरटी फौजेत माणूस देणारे गाव म्हणून अपशिंगे मिलिटरी असे नावच त्या गावाला पडले. ४६ घरे, ४६ आया. परक्या सरकारने आकड्यावर भागवले हे समजू शकते. स्वतंत्र झाल्यावर त्या आकड्यांची नावे शोधून त्याच दगडाशेजारी लावायला आपल्याला कोणी अडवले होते? भरतीचे कागद, पेन्शनची रजिस्टरे, घराण्यातल्या आठवणी, यांतून ती अजूनही जमवता येतील. काही गावांनी आणि काही इतिहासप्रेमींनी तसे प्रयत्न केलेही आहेत. त्यांचे काम मला पुतळ्याच्या अनावरणापेक्षा मोठे वाटते.

आता जिवंत माणसांकडे येतो, कारण आपण सर्वात कमी पडतो ते इथे.

सैनिकाला अपंगत्व आले, आजार जडला, आणि तो सेवेमुळे आला असे ठरले, तर त्याला अपंगत्व पेन्शन मिळते. नियमाचा गाभा मोठा न्याय्य आहे. भरतीच्या वेळी त्याची कसून वैद्यकीय तपासणी झालेली असते. तेव्हा कागदावर कोणत्या आजाराची नोंद नसेल, तर तो धडधाकट होता असे धरायचे. नंतर जो बिघाड झाला तो सेवेमुळेच झाला असे मानायचे. नाही म्हणायचे असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. शंका राहिली तर तिचा फायदा जवानाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात हे अगदी स्वच्छ शब्दांत सांगितले. सैनिकावर विश्वास ठेवा, असे कायदाच म्हणतो.

प्रत्यक्षात काय होते? मेडिकल बोर्ड एका ओळीचा शेरा मारते की आजाराचा सेवेशी संबंध नाही. दावा फेटाळला जातो. अपील फेटाळले जाते. मग तो माणूस सशस्त्र दल न्यायाधिकरणात जातो. सैनिकांना लवकर न्याय मिळावा म्हणून २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले आणि २००९ पासून चालू असलेले हे न्यायाधिकरण. तिथे तो जिंकतो. आणि त्यानंतर सरकार त्याच्याविरुद्ध वरच्या न्यायालयात जाते. एका बाजूला तालुक्याच्या गावात राहणारा, गुडघे गेलेला किंवा कानाने अधू झालेला माजी हवालदार, दुसऱ्या बाजूला भारत सरकार आणि त्याचे वकील. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी ही कोर्टबाजी कमी कशी करता येईल हे सांगायला तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने अशी अपिले मागे घ्यावीत असे स्पष्ट सुचवले. तरीही अपिले होत राहिली आणि न्यायालये सरकारला त्याबद्दल पुन्हा पुन्हा बोल लावत राहिली.

या सवलतीचा गैरफायदा घेतला जातो, असे यावर म्हटले जाते. हा मुद्दा मी बाजूला सारत नाही. निवृत्त होताना अपंगत्व पेन्शन मिळवणाऱ्यांचे प्रमाण अधिकाऱ्यांमध्ये जवानांपेक्षा बरेच जास्त असल्याचे कॅगने २०२३ च्या अहवालात नोंदवले आहे, आणि त्याची तपासणी व्हायलाच हवी. पण ती तपासणी मेडिकल बोर्डात व्हावी, कारणे लिहून व्हावी, आणि सेवेत असतानाच व्हावी. थोडे लबाड असतील म्हणून सगळ्यांना आधी लबाड धरायचे आणि मग प्रत्येकाने आपले खरेपण दहा वर्षे कोर्टात शाबीत करायचे, हा मार्ग लबाडांना परवडतो. खरोखर अपंग झालेल्या माणसाला परवडत नाही.

वीरपत्नींचे अनुभव याहून वेगळ्या तऱ्हेने टोचणारे आहेत. अंत्यविधीला अख्खा तालुका लोटतो. मंत्री येतात, बंदुकींची सलामी होते, घडी घातलेला तिरंगा तिच्या हातात देतात. मग सुरू होतात कागद. जवानाचे लग्न झाले, मूल झाले, की त्याची नोंद पलटणीत पार्ट टू ऑर्डर काढून होते. ती नोंद सुट्टीच्या गडबडीत राहून गेली असेल, तर तिच्या हक्काला पहिला अडथळा तिथे येतो. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, पलटणीच्या नोंदीत तिसरे, आणि तिन्ही बायका एकच आहेत हे तिने प्रतिज्ञापत्र करून सांगायचे. पेन्शनचे सगळे आता स्पर्श नावाच्या ऑनलाइन यंत्रणेवर गेले आहे. ज्यांना ती वापरता येते त्यांची सोय झाली, हे खरे. खेड्यातल्या सत्तरीच्या विधवेला मात्र दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला देण्यासाठी कोणाचा तरी मोबाईल आणि कोणाचा तरी वेळ मागावा लागतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात काही माणसे फार आपुलकीने मदत करतात. पण हक्काची गोष्ट एखाद्या भल्या माणसाच्या आपुलकीवर सोडायची नसते.

आणि एक अट तर वाचली तेव्हा मी सुन्न झालो. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता पतीच्या पश्चात पत्नीला मिळतो. तिने पुन्हा लग्न केले तर तो बंद होत असे. अपवाद एकच होता: तिने दिवंगत पतीच्या भावाशी लग्न केले तर भत्ता चालू राहील. म्हणजे पदकाचा मान तिच्याकडे राहायचा तर तिने त्याच घरात राहायचे. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली. तोवर आपण दरवर्षी वीरनारींचे सत्कार करत होतो, शाल आणि श्रीफळ देत होतो. ज्या बाईने नवरा गमावला तिने पुढचे आयुष्य कसे जगावे हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे नाही, असे सरकारी कागद म्हणत होता आणि व्यासपीठावरच्या कोणाला ते ठाऊक नव्हते.

मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण अलीकडे बऱ्याच जणांना माहीत झाले आहे. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचा अपंग झाला. तोवर तो मुष्टियोद्धा होता. नंतर उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागला. १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्याने ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले, भारताचे पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. अर्जुन पुरस्कार मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर. पेटकर दीर्घायुषी आहेत म्हणून हा मान त्यांना डोळ्यांनी पाहता आला. त्यांच्याबरोबर जखमी झालेल्या किती जणांना तेवढे आयुष्य मिळाले असेल?

पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून आहे. पाठीच्या कण्याला इजा झाल्याने चालता न येणारे जवान तिथे राहतात, काही जण वर्षानुवर्षे. १९४४ पासून चालू असलेले कृत्रिम अवयव केंद्रही पुण्यातच. युद्धाचा खरा हिशेब या ठिकाणी दिसतो. मेलेला जवान कायम पंचविशीचा राहतो, त्याचा फोटो तरुण राहतो. जखमी जवान म्हातारा होतो, चिडचिडा होतो, बेडसोअरशी झगडतो, त्याची बायको त्याला कुशीवर वळवता वळवता स्वतः वाकते. त्याच्यावर पोवाडा होत नाही. त्याग मोजायचाच असेल तर क्षणात दिलेला जीव आणि पन्नास वर्षे रोज थोडाथोडा दिलेला जीव, यांतला कुठला मोठा हे मला तरी ठरवता येत नाही. सरकारने आणि समाजाने खर्चाची आणि वेळेची तजवीज मात्र दुसऱ्यासाठी अधिक करायला हवी, कारण त्याची गरज रोजची आहे.

यावर दोन आक्षेप येतात, दोन टोकांवरून.

पहिला असा की सैनिकांचा गौरव म्हणजे युद्धाचा गौरव, आणि शेवटी ते पगार घेऊन नोकरीच करतात. नोकरीच आहे, कबूल. पण या नोकरीत हुकूम आल्यावर मरणाच्या तोंडी जायला नकार देता येत नाही, राजीनामा टाकून घरी निघता येत नाही. आणि युद्ध कोणते लढायचे हे तो ठरवत नाही, आपण निवडून दिलेले सरकार ठरवते. म्हणून त्याचे ऋण आपल्यावर असते, मग ते युद्ध आपल्याला पटलेले असो वा नसो. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात शांतिसेना गेली. अकराशेहून अधिक जवान तिथे मेले. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ती मोहीम राजकीयदृष्ट्या फसली आणि म्हणून आपण ती विसरून जाणे पसंत केले. कारगिलचा विजय दिवस सगळ्यांना ठाऊक. श्रीलंकेतले ऑपरेशन पवन म्हणजे काय, हे विचारून पाहा. त्या जवानांनी केलेले कष्ट आणि सोसलेल्या जखमा यशस्वी मोहिमेतल्यांपेक्षा हलक्या नव्हत्या. जिंकलेल्या लढाईतल्यांचाच मान ठेवायचा असेल, तर तो मान आपण आपल्या विजयाला देतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: जवान सीमेवर उभे असताना प्रश्न विचारायचे नाहीत. महागाईवर बोला, रस्त्यांवर बोला, परीक्षेतल्या घोळावर बोला, कोणीतरी सीमेवरच्या जवानाला मध्ये उभे करतो आणि बोलणाऱ्याचे तोंड बंद करतो. त्या जवानाला कोणी विचारलेले नसते. युद्धाबद्दलच प्रश्न विचारले तर मग देशद्रोहापर्यंत मजल जाते. मला हा जवानाचा सर्वात मोठा अपमान वाटतो, कारण त्याच्या जिवाशी थेट संबंध असलेले प्रश्न नेमके तेच असतात. रेझांग लावर सोळा हजार फुटांच्या वर, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, पुरेशा गरम कपड्यांशिवाय, जुन्या पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफली देऊन माणसे का बसवली होती? मध्ये डोंगर येत असल्याने आपल्या तोफांचा मारा त्यांच्या मदतीला पोहोचू शकत नव्हता, हे माहीत असताना ते ठाणे तसे का ठेवले? १९६२ च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली. भगत स्वतः व्हिक्टोरिया क्रॉसचे, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी होते. अहवाल १९६३ मध्ये तयार झाला. तो आजतागायत सरकारने प्रसिद्ध केलेला नाही. सरकारे बदलली, पक्ष बदलले, कुलूप तेच राहिले. कारगिलनंतर याउलट घडले. ५२७ जवान गेले, आणि युद्ध संपताच संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला. गुप्तवार्ता कुठे कमी पडली, गस्त कुठे थांबली, हे लोकांना वाचता आले. कारगिलच्या जवानांचा याने काही अवमान झाला, असे कोणी म्हणाले नाही. उलट पुढच्या जवानाला बूट, शस्त्र आणि खबर वेळेवर मिळावी यासाठी काय बदलायला हवे ते त्यातून पुढे आले. साठ वर्षांनंतर १९६२ चा अहवाल उघडून आता कोणता डाव शत्रूला कळणार आहे? ज्यांचे आजोबा त्या बर्फात राहिले त्यांना तो वाचण्याचा हक्क आहे.

करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेचसे सरकारवाचून अडत नाही. न्यायाधिकरणाने जवानाच्या बाजूने दिलेल्या निकालावर, कायद्याचा खरोखर नवा प्रश्न असल्याखेरीज, अपील करू नये, हे सरकारने ठरवायचे आहे आणि त्यासाठी आपल्या खासदाराला आपण विचारू शकतो. सभेत हार घालणाऱ्या पुढाऱ्याला, तालुक्यातल्या किती माजी सैनिकांचे आणि विधवांचे दावे अडकले आहेत, एवढे विचारावे. बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात काम करणाऱ्यांनी समोर डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून निवृत्तीचे पुस्तक, घेऊन आलेल्या माणसाचा कागद आधी हातात घ्यावा.

आणि नोंदी कराव्यात. याला फार वेळ उरलेला नाही. १९७१ मध्ये विशीत असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. १९६५ चे तर थोडेच राहिले. त्यांना व्यासपीठावर बसवून अनुभव सांगा म्हटले की ते दोन वाक्यांत आटपतात, कारण समोर माइक असतो आणि पुढच्या पाहुण्याला घाई असते. त्यांच्या घरी जावे, एकदा नाही, तीन-चारदा. कुठली पलटण, कुठला सेक्टर, मोर्चात शेजारी कोण होते, ते कुठल्या गावचे, त्यांचे पुढे काय झाले, पाणी कुठून आणायचा, भीती कधी वाटली, असे साधे प्रश्न विचारावेत. भीतीबद्दल जरूर विचारावे. धैर्याची खरी हकिगत पुष्कळदा तिथून सुरू होते. ते म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आपल्या कल्पनेतल्या वीराच्या मापाने कापू नये. एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी, एक त्यांच्या रेजिमेंटल सेंटरला पाठवावी: मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान असतील तर बेळगावला, महार रेजिमेंटचे असतील तर मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचे असतील तर खडकीला.